बीपी नॉर्मल, तरी बीपीची गोळी का? छातीतल्या धडधडीवर ती अशी काम करते

अहिल्यानगर : छातीत धडधड होते म्हणून दवाखान्यात गेलं आणि डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहून दिली, की अनेकांना प्रश्न पडतो. बीपी तर नॉर्मल निघालं, मग ही गोळी कशाला? डॉक्टरांचं काहीतरी चुकलं असं समजून काहीजण ती घेतच नाहीत. पण बीपीच्या काही गोळ्या दोन कामं करतात.

ठोके किती असावेत?
मोठ्या माणसाचं हृदय बसल्या जागी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देतं. पळाल्यावर, घाबरल्यावर किंवा तापात ते वाढतात. मात्र निवांत बसूनही ते सतत १०० च्या वर राहिले, तर कारण शोधावं लागतं. रक्त कमी असणं, थायरॉइड, जुलाबाने अंगातलं पाणी कमी होणं किंवा हृदयाची लय बिघडणं, यापैकी काहीही असू शकतं. त्यासाठी ईसीजी आणि रक्ततपासणी करतात.

गोळी काय करते?
अंगातलं ॲड्रिनॅलिन हृदयाला 'पळ' असा निरोप देतं. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल या 'बीटा ब्लॉकर' गोळ्या हा निरोप अडवतात. ठोके मंदावतात, दोन ठोक्यांमध्ये हृदयाला रक्ताने भरायला वेळ मिळतो आणि बीपीही उतरतं. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल या गोळ्या हृदयातला विजेचा संदेश हळू करतात. प्रोप्रॅनोलोल शोधणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं.

शेजाऱ्याची गोळी नको
बीपीची प्रत्येक गोळी ठोके कमी करत नाही. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या नेहमीच्या गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, त्यांनी धडधड थांबत नाही. उलट दमा असलेल्याने दुसऱ्याची बीटा ब्लॉकर घेतली तर दम लागू शकतो. शुगरची औषधं चालू असतील तर शुगर उतरल्यावर होणारी धडधड या गोळीमुळे जाणवत नाही. म्हणून दमा, शुगर आधीच डॉक्टरांना सांगा.

ऊसतोडीला जाताना
पाथर्डी, शेवगाव भागातून अनेक कुटुंबं कित्येक महिने ऊसतोडीला बाहेर असतात. तिकडे गोळ्या संपल्या की औषध बंद पडतं. बीटा ब्लॉकर एकदम बंद केली तर ठोके आणि बीपी उसळतात. हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. त्यामुळे निघण्याआधी पुरेशा गोळ्या घ्या, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि गोळ्या संपण्याआधीच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. बंद करायचीच असेल तर डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात.

कधी थांबू नये?
धडधडीसोबत छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा. गोळी चालू असताना ठोके ५० च्या खाली गेले आणि गरगरायला लागलं, तरी लगेच दवाखाना गाठा.