स्वयंचलित तोफेचा गोळा : रचना, कार्य आणि सावधगिरी

हैदराबाद शहरातील सुलतान बाजार हा भाग मराठवाड्यातील वाचकांना अपरिचित नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते आणि शिक्षण, न्यायालय व व्यापार यांच्या निमित्ताने तेथील लोकांचे या शहरात जाणे-येणे असे. सुलतान बाजारालगत जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीची भव्य इमारत उभी आहे. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी या रेसिडेन्सीवर चाल केली. जवळची दोन घरे ताब्यात घेऊन त्यांनी बंदुकांचा मारा केला. रेसिडेन्सीच्या तोफांनी त्यास उत्तर दिले आणि ही चकमक रात्रभर चालली.

त्या काळातील तोफ तोंडाकडून भरावी लागे. प्रथम नळी पुसावयाची, मग दारूची पिशवी आत सारावयाची, तीवर गोळा ठासावयाचा आणि शेवटी मागील छिद्रातून बत्ती द्यावयाची, असा क्रम होता. अनेक माणसे एका तोफेवर राबत, तरी मिनिटाला दोन-तीन बार निघाले तर पुष्कळ झाले. सुलतान बाजारापासून थोड्याच अंतरावर ‘तोप का सांचा’ नावाचा भाग आहे. निजामाच्या सेवेतील फ्रेंच अधिकारी रेमाँ याने १७८६ साली तेथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता. आज त्याच हैदराबादच्या परिसरात, संगारेड्डी जिल्ह्यातील यद्दुमैलारम येथे, ‘सारथ’ हे चिलखती लढाऊ वाहन तयार होते. मेदक आयुध निर्माणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कारखान्याची पायाभरणी जुलै १९८४ मध्ये झाली. सारथवरील ३० मिलिमीटर व्यासाची तोफ वेगाच्या टप्प्यावर मिनिटाला साडेपाचशे गोळे सोडू शकते.

दोन बारांवरून साडेपाचशे बारांवर जाण्याची ही किमया केवळ नळीची नाही. तिचे खरे रहस्य गोळ्याच्या रचनेत आहे. हा गोळा जमिनीवर पडून राहिल्यास अतिशय धोकादायक का ठरतो, याचे उत्तरही त्याच रचनेत सापडते.

एका काडतुसातील चार भाग

साधारणतः २० मिलिमीटर वा त्याहून अधिक व्यासाच्या आणि आपोआप भरून आपोआप उडणाऱ्या शस्त्रास स्वयंचलित तोफ म्हणतात. मशीनगनची साधी गोळी भरीव असते. स्वयंचलित तोफेचा गोळा मात्र पोकळ असून त्याच्या पोटात स्फोटक भरता येते. हा या दोहोंतील महत्त्वाचा भेद होय.

या तोफेच्या संपूर्ण काडतुसाचे चार भाग पडतात. पहिला भाग धातूची पुंगळी. दुसरा, पुंगळीच्या बुडाशी बसविलेली टोपी; तीवर आघात होताच ठिणगी पडते. तिसरा भाग म्हणजे पुंगळीतील प्रक्षेपक दारू. ही दारू फुटत नाही, तर अत्यंत वेगाने जळते आणि तिच्यापासून निर्माण झालेला वायू गोळ्यास पुढे ढकलतो. चौथा भाग म्हणजे पुंगळीच्या तोंडाशी घट्ट बसविलेला प्रत्यक्ष गोळा. स्फोटक गोळा असल्यास त्यास फ्यूजही जोडलेला असतो. सारथच्या तोफेचे एक काडतूस सुमारे ८४० ग्रॅम वजनाचे असून त्यातील स्फोटक गोळा सुमारे ३९० ग्रॅम भरतो. नळीतून बाहेर पडताना त्याचा वेग सेकंदाला ९६० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पावणेतीनपट असतो.

दारू, ठिणगी आणि गोळा हे सर्व एकाच वस्तूत सामावले गेल्यामुळे ठासणे व बत्ती देणे ही कामे संपली आणि भरण्याचे काम यंत्राकडे सोपविणे शक्य झाले. हायरम मॅक्सिम याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी ३७ मिलिमीटरची तोफ तयार केली. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ या काळात, ती दोन्ही पक्षांनी वापरली.

तोफ स्वतः कशी भरते

सारथच्या तोफेत जळालेल्या दारूचाच थोडा वायू नळीतील एका छिद्रावाटे बाजूस घेतला जातो. तो एका दट्ट्यास मागे ढकलतो. त्यासरशी नळीचा बंद केलेला मागील भाग उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि परत येताना स्प्रिंगच्या जोराने पट्ट्यातील पुढचे काडतूस आत सरकते. हे सारे सेकंदाच्या सुमारे नवव्या हिश्शात घडते. तोफेस दोन पट्टे जोडलेले असतात. एकात स्फोटक गोळे व दुसऱ्यात चिलखत भेदणारे भरीव गोळे असून लक्ष्य पाहून तोफची पट्टा बदलतो. वाहनात एकूण ५०० काडतुसे असतात. सतत मारा केल्यास ती मिनिटभरही पुरणार नाहीत.

अशा तोफेत एक काडतूस किंचित जाड निघाले, तरी सारे यंत्र अडते. दारू दमट झाली तर गोळा जवळच पडतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक भागाचे माप काटेकोरपणे तपासतात, प्रत्येक लॉटवर क्रमांक घालतात आणि त्यातील काही नमुने प्रत्यक्ष उडवून पाहतात. या उद्योगाशी महाराष्ट्राचा संबंध फार जुना आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालापासून चालू आहे.

न फुटलेला गोळा

गोळा नळीतच फुटला तर तोफचीचाच घात होईल. यासाठी फ्यूजमध्ये सुरक्षेची योजना असते. नळीच्या आतील मळसूत्री खाचांमुळे गोळा स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरू लागतो. या फिरण्याने आणि सुटतानाच्या धक्क्याने फ्यूजमधील अडसर दूर होतात आणि नळीपासून काही अंतर गेल्यावर गोळा फुटण्यास सिद्ध होतो. त्यानंतर कठीण वस्तूवर आदळताच तो फुटतो. काही फ्यूज लक्ष्य न सापडल्यास ठरावीक सेकंदांनी गोळ्याचा स्वतःच नाश करतात.

परंतु कोणतेही यंत्र शंभर टक्के काम करीत नाही. गोळा चिखलात किंवा मऊ मातीत रुतला, अथवा तिरपा घासून गेला, तर तो न फुटता तसाच राहू शकतो. अशा गोळ्याचे सर्व अडसर निघालेले असतात. कारखान्यातून निघालेले, पेटीतील काडतूस त्या मानाने सुरक्षित असते. शेतात पडलेला गोळा तसा नसतो. पाऊस, ऊन आणि गंज यांनी त्याचा धोका कमी होत नाही. जुन्या काळचा भरीव लोखंडी गोळा जमिनीवर पडला की लोखंडाचा तुकडा होऊन राही. आजच्या स्फोटक गोळ्याचे काम मात्र जमिनीवर पडल्याने संपतेच असे नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रास जवळचा आहे. सारथसारख्या वाहनांतून लढणाऱ्या यांत्रिक पायदळाचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे आहे. तेथील लष्करी सराव खारे कर्जुने परिसरातील क्षेत्रावर चालतो. या कोरडवाहू भागात तांबे, पितळ व ॲल्युमिनियम यांना मिळणाऱ्या भंगाराच्या भावासाठी काही जण पुंगळ्या व तुकडे वेचावयास जातात. गोळा फोडून त्यातील धातू काढण्याच्या प्रयत्नात तेथे माणसांनी प्राण गमावले आहेत. काही रुपयांच्या धातूसाठी घरातील कर्ता माणूस जातो, ही अत्यंत दुःखाची गोष्ट आहे.

ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांनी काय करावे

संशयास्पद वस्तू दिसल्यास तिला हात लावू नये, ती हलवू नये, तीवर दगड मारू नये वा पाणी ओतू नये. आल्या वाटेनेच मागे फिरावे, दुरूनच जागेची खूण लक्षात ठेवावी आणि पोलीस पाटील, पोलीस ठाणे किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. वस्तू निकामी करणे हे केवळ तज्ज्ञ पथकाचे काम होय. रंगावरून वा गंजावरून ‘हा सरावाचा पोकळ गोळा आहे’ असा निष्कर्ष कोणीही काढू नये. दारूगोळा विनापरवाना बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, हे भंगार व्यावसायिकांनीही ध्यानात घ्यावे.

लष्करी सरावासाठी १९३८ चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यानुसार राज्य शासन अधिसूचनेद्वारे क्षेत्र निश्चित करते आणि सरावामुळे झालेल्या नुकसानीबद्दल भरपाईची तरतूद आहे. सरावाच्या तारखांची दवंडी वाडी-वस्तीपर्यंत पोहोचते किंवा नाही, हे महसूल अधिकाऱ्यांनी स्वतः पाहावे. पीक वा घर यांचे नुकसान झाल्यास ग्रामस्थांनी तलाठ्यामार्फत वेळीच पंचनामा करून घ्यावा.

शिक्षकांचे कार्य याहून मोलाचे आहे. गुराखी मुले आणि सुटीत रानात हिंडणारे विद्यार्थी यांनाच अशी वस्तू प्रथम दिसते. फळ्यावर गोळ्याची आकृती काढून त्याचे चार भाग व फ्यूजचे कार्य समजावून दिल्यास, ‘हात लावू नका’ हा नियम मुलांना कारणासह कळेल. कारण कळले म्हणजे नियम लक्षात राहतो.