विशेषणाला वाक्य जोडताना : मराठी आणि इंग्रजी

नामाआधी येऊन वर्णन करणारे ते अधिविशेषण आणि नामानंतर येऊन क्रियापदाच्या जोडीने विधान पूर्ण करणारे ते विधिविशेषण. ‘उंच किल्ला’ आणि ‘किल्ला उंच आहे’ यांतील हा फरक इंग्रजीतही आढळतो. मात्र विशेषणाला पूरक शब्दांची जोड मिळाली की दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात.

‘देवगिरी चढायला अवघड आहे’ या वाक्यात ‘चढायला’ हे पूरक विशेषणाआधी येते, तर इंग्रजीत ‘डिफिकल्ट टु क्लाइंब’ असे ते नंतर येते. धातुसाधित विशेषण मराठीत बहुधा नामाआधी बसते (‘कातळात कोरलेले लेणे’), पण पूरकासह ते इंग्रजीत नामानंतर येते : ‘अ केव्ह कार्व्ह्ड इन रॉक’.

गौणवाक्य जोडताना इंग्रजी ‘इट’ हा अर्थशून्य कर्ता पुढे ठेवते आणि ‘इट इज क्लिअर दॅट’ म्हणून मूळ आशय नंतर सांगते. मराठीत ‘वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरले गेले, हे स्पष्ट आहे’ अशा रचनेत आधीचे संपूर्ण वाक्य ‘हे’ या सर्वनामात सामावते. शिवाय मराठी आकारान्त विशेषण विधानातही लिंगवचनानुसार बदलते : मकबरा पांढरा, भिंत पांढरी; इंग्रजी विशेषण मात्र अविकारीच राहते.