चित्रातलं घर आपलं वाटलं पाहिजे

शेतकरी बंधूंनो, पेरणीआधी बियाणं आपण हातात घेऊन पारखतो. पण अंगणवाडीत जाणाऱ्या पोराच्या हाती कुठलं पुस्तक पडतं, ते कधी पाहिलंत? पुष्कळदा भिंतीवर सफरचंद आणि झेब्र्याचा एक तक्ता लटकतो. झालं!

म्हणून माधुरी पुरंदरे यांचं काम सांगायचं. १९५२ साली जन्मलेल्या माधुरीताई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, पुढे फ्रान्सला गेल्या. पिकासोचं मराठी चरित्र त्यांनी लिहिलं. एवढ्या शिकलेल्या बाई रमल्या मात्र लहान मुलांच्या पुस्तकांत. गोष्ट त्यांची, चित्रंही त्यांचीच. ‘राधाचं घर’ बघा. राजाराणी नाही, परी नाही, घरातलीच माणसं. ‘चित्रवाचन’ तर अक्षर न येणारं पोरही वाचतं. चित्रावर बोट ठेवायचं आणि बोलायचं. २०१४ साली साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराने त्यांचा गौरव झाला.

त्यांच्या आई निर्मलाताई पुरंदरे यांनी १९८१ साली ‘वनस्थळी’ संस्था काढली आणि खेड्यातल्या बायकांना बालवाडी चालवायचं शिक्षण दिलं. लहान मुलाच्या शिक्षणाची काळजी या घरात दोन पिढ्यांची आहे.

‘आम्हाला याचं काय?’ असं म्हणाल. मग सानपाड्याकडे बघा. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे-रायगडातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या, त्यात सानपाडाही होतं. भातखाचरं गेली, इमारती आल्या. तिथल्या आजोबांनी नातवाला आवणी दाखवायची तर कुठं न्यायचं? पुस्तकात खाचराचं चित्र असलं तर पोर विचारतं, ‘हे काय?’ आणि आजोबांचं तोंड उघडतं. जमीन परत येत नाही, पण तिची भाषा तरी टिकते. तुमच्या गावाची वेळ अजून गेलेली नाही.

सरपंच मंडळी, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. अंगणवाडीच्या पुस्तकांसाठी त्यातून काय करता येईल, ते पुढच्या ग्रामसभेत मांडा. आणलेली पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका. फाटली तरी चालतील, हाताळलेलं पुस्तकच फाटतं.

आणि आईबापांनो, रात्री भाकरी झाल्यावर दहा मिनिटं पोराला मांडीवर घ्या. वाचता येत नसेल तर चित्र दाखवा, गोष्ट आपली आपण सांगा. त्याला कुठं शाळा लागते?