पायथॉनमध्ये नोंदींची क्रमवारी

- दोन साधने : ‘सॉर्ट’ ही पद्धत मूळ यादीचाच क्रम बदलते, तर ‘सॉर्टेड’ हे फलन मूळ यादी तशीच ठेवून नवी यादी देते.
- निकष : नोंदीतील कोणत्या घटकावरून, उदाहरणार्थ आडनाव किंवा जन्मवर्ष, क्रम लावायचा हे ‘की’ या प्राचलाने ठरते.
- स्थिरता : टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी रचलेली ‘टिमसॉर्ट’ रीत स्थिर आहे, म्हणजे समान निकषाच्या नोंदींचा परस्परक्रम ती राखते, त्यामुळे आधी नावावरून आणि मग गावावरून क्रम लावल्यास प्रत्येक गावातील नावे क्रमानेच राहतात.
- मराठी मजकूर : अक्षरांची तुलना युनिकोड क्रमांकांनुसार होत असल्याने ‘ळ’ हे अक्षर वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर न येता ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये येते.