मागे इंजिन, पुढे डिकी

शेव्हरोलेने १९६०च्या मॉडेलपासून कॉर्व्हेअर बाजारात आणली ती अमेरिकी प्रघात मोडूनच. या आटोपशीर गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन मागे होते आणि ते हवेने थंड होई. आज ती दुरुस्तीला घेणाऱ्याला रेडिएटर सापडत नाही. सापडते ती तेलगळती.

पुशरॉडच्या बारा नळ्यांच्या दोन्ही टोकांना ओ-रिंग असतात. उष्णतेने मूळ रबर कडक होऊन चिरते, तेल ठिबकते. हीटर इंजिनावरचीच गरम हवा आत घेतो, त्यामुळे जळक्या तेलाचा वास थेट प्रवाशांच्या नाकात! व्हिटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराच्या रिंगा बसवल्या की हे दुखणे बरेच आवरते. पंख्याचा पट्टा तर बघतच राहावा असा: उभ्या पुलीवरून निघून काटकोनात वळतो आणि आडव्या पंख्याला फिरवतो. ताण चुकला की तो निसटतो.

ग्राहकहक्कांचे पुरस्कर्ते राल्फ नेडर यांच्या १९६५च्या पुस्तकाने गाडीच्या मागच्या सस्पेन्शनवर बोट ठेवले. १९७२च्या सरकारी अहवालाने मात्र ती समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नसल्याचे म्हटले. तरी बदनामी चिकटली ती चिकटलीच.

किंमत ठरवताना आधी पत्रा पाहावा. पुढच्या काचेखालचा गंज काढणे इंजिन उघडण्यापेक्षा जिकिरीचे. नव्या सस्पेन्शनच्या १९६५-६६च्या कोर्सा या प्रकारातल्या टर्बो गाड्यांना, त्यातही उघड्या टपाच्या, विशेष मागणी असते. पण इंजिनांची सहज अदलाबदल होते. म्हणून पैसे मोजण्याआधी इंजिनावर ठोकलेली अक्षरे तपासून घ्यावीत.