इंजिनाचा कल

१९४८ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत लहान विमानें बनविण्याचें व उडविण्याचें शिक्षण मिळतें; त्यामुळें पुष्कळ घरांतील मुलांस हा नाद लागतो. अशा विमानाच्या नाकावरील इंजिन अगदीं सरळ बसवावें, असें कोणासही वाटेल. परंतु प्रोपेलर मागून पाहतां बहुधा उजवीकडे फिरतो. त्याच्या प्रतिक्रियेनें विमान डावीकडे कलंडतें, आणि त्याचा भोंवरणारा झोत उभ्या शेपटावर आदळून नाकही डावीकडेच वळवितो. पंख वरच्या बाजूस असल्यास जोर वाढतांच नाक वर उठतें. म्हणून इंजिन सुमारें २ अंश उजवीकडे व तितकेंच खालीं कलतें ठेवितात. इंजिनाची बैठक व तिच्यामागील प्लायवुडची फळी यांमध्यें डाव्या बोल्टांत वॉशर घातल्यास इंजिन उजवीकडे वळतें. वरच्या बोल्टांत घातल्यास खालीं झुकतें.

हा दोष केवळ सुकाणूं वळवून झांकूं नये. उतरतांना जोर कमी झाला कीं तेंच सुकाणूं विमानास उजवीकडे ओढतें, आणि महिनाभराची मेहनत क्षणांत मातींत जाते.

दुबळ्या बैलास जुवाची लांब बाजू देणारा आमच्या वडनेर भोलजीचा शेतकरी हेंच जाणतो: समतोल साधावयाचा, तर मांडणी कधीं विषमच ठेवावी लागते.