अक्षर नसलेल्या शिळेची साक्ष

इतिहासाचे अध्यापन करताना आम्ही शिलालेखाला अव्वल साधन मानतो. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकच्या शिळेवरील मौर्यकालीन ब्राह्मी लेख प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करतो, हे आपण अक्षरांमुळेच जाणतो. मग जिच्यावर एकही अक्षर नाही, त्या शिळेची हकीकत कशी वाचावी?

नागझिऱ्याच्या परिसरात शिकलेल्यांना हा प्रश्न परका नाही. प्रज्ञागिरीवरील बुद्धमूर्तीच्या दर्शनासाठी आपण ज्या डोंगरगडला जातो, त्या गावाचे नाव या पट्ट्यातील एका प्राचीन ग्रॅनाइटला दिलेले आहे. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात तांब्याच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेल्या मलाजखंडचा ग्रॅनाइट तर सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

जमिनीखाली खोलवर तप्त शिलारस जुन्या खडकांत घुसला आणि सावकाश थिजला, की ग्रॅनाइट तयार होतो. डोळ्यांना तो सर्व बाजूंनी सारखाच दिसतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्या कणांना दिशा असते. बांधीत पाणी वाहू लागले की तणसाच्या काड्या प्रवाहाच्या दिशेने वळतात. तसेच शिलारस वाहताना किंवा खडक दाबला जाताना मॅग्नेटाइट व काळा अभ्रक यांचे कण विशिष्ट दिशेने मांडले जातात.

ही मांडणी चुंबकत्वाने मोजता येते. खडकाची उत्तर दिशा व उतार नोंदवून त्यातून सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल कापतात. प्रयोगशाळेत त्यावर सौम्य चुंबकीय क्षेत्र निरनिराळ्या दिशांनी लावतात. ज्या दिशेने नमुना सर्वाधिक चुंबकित होतो, ती सामान्यतः कणांच्या लांबीची, म्हणजे प्रवाहाची वा ताणाची दिशा असते; ज्या दिशेने सर्वांत कमी, ती कणांच्या थरांना लंब असते. अनेक ठिकाणचे नमुने मोजून नकाशावर मांडले, की संपूर्ण ग्रॅनाइटची अंतर्रचना उलगडते. ही दिशा मूळ प्रवाहाची की नंतरच्या दाबाची, हे ठरविण्यासाठी खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. एका साक्षीवर निकाल द्यायचा नाही, हा नियम इतिहासात आहे, तसाच येथेही आहे.

मलाजखंडच्या ग्रॅनाइटचा असा चुंबकीय अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय भूखंडाचे उत्तर व दक्षिण भाग मध्य भारतात कसे सांधले गेले, या प्रश्नाशी त्याने या खडकाची अंतर्रचना जोडून दाखविली.

आपल्या समाजातील कितीतरी हातांनी खाणीत दगड फोडला आहे. दगड कोणत्या अंगाने सहज फुटतो, हे त्या हातांना ठाऊक असते. फुटण्याची दिशा आणि चुंबकीय दिशा प्रत्येक वेळी एकच असेल असे नाही. पण एकसारख्या दिसणाऱ्या दगडालाही दिशा असते, हे ज्ञान त्या हातांनी श्रमातून मिळविलेले आहे. त्या ज्ञानाला शास्त्राची मान्यता कधी मिळाली नाही, कारण त्या हातांना पाटी-पेन्सिल नाकारली गेली होती.

परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण आहे. मोजमाप ही त्याच पारखण्याची एक रीत होय. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनी भूशास्त्राकडे वळावे, अशी आमची इच्छा आहे. ज्यांच्या आजोबांनी दगड फोडला, त्यांच्या नातवंडांनी तो वाचावा.